टोल आणि ट्रान्झिस्टर

ट्रान्झिस्टर हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांपुढे अजून वडिलांच्या उशाशी असलेला, कातडी गवसणीतला रेडिओच उभा राहतो. आमच्या घरात रेडिओ वेगळा आणि ट्रान्झिस्टर वेगळा. रेडिओ फळीवर बसायचा. ट्रान्झिस्टर खांद्याला अडकवून मळ्यात जायचा. वडील पहाटे उसाला पाणी द्यायला निघाले की तो त्यांच्याबरोबर. त्यामुळे सकाळच्या प्रादेशिक बातम्या आमच्या उसाने नेहमी माझ्याआधी ऐकल्या. त्या डब्याला हे नाव त्याच्या पोटातल्या सहा-सात बारक्या दाण्यांवरून पडलं आहे आणि खरा ट्रान्झिस्टर म्हणजे तो दाणा, ही गोष्ट मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळली. सांगणारी होती नववीतली एक मुलगी.

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिक. आता हा शब्द कुणी वापरत नाही, पण वडील वापरत म्हणून मीही वापरतो. त्यावर चित्रकलेच्या परीक्षा, बस्स. विजेशी माझा संबंध फ्यूजची तार बदलण्यापुरता. अशा माणसाने तीन अँपिअर ओढणाऱ्या सोलेनॉइडला कोणता ट्रान्झिस्टर लावावा यावर दिवाळी अंकात लिहावं, हे आमच्या घरातसुद्धा कुणाला पटलेलं नाही. "यंदा कथा नाही का देणार?" असं हिने चकल्या तळता तळता विचारलं. कथाच देतो आहे. तिच्यात ट्रान्झिस्टर येतो, त्याला माझा इलाज नाही.

आमची शाळा सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या काठाला. व्हरांड्याच्या तुळईला लोखंडी आकड्यात एक पितळी टोल टांगलेला आहे. परातीएवढा रुंद आणि चांगला बोटभर जाड. तो वाजवायचे आमचे शिपाईमामा. एकतीस वर्षं. तेवढ्यात शाळेला मुख्याध्यापक सात झाले, मामा एकच. गावातली निम्मी घड्याळं त्यांच्या टोलावर लावलेली असत. बाभळीच्या लाकडाचा हातोडा घेऊन ते टोलाखाली उभे राहिले की आधी एकदा डोळे मिटत. प्रार्थनेचा टोल संथ, तासाचे टोल मोजून मापून, मधल्या सुट्टीचे दोन दोन जोडीने, आणि शाळा सुटल्याचा म्हणजे नुसता धबधबा. त्या शेवटच्या टोलात मामांना स्वतःला काय आनंद होत असे कोण जाणे, पण त्यांचा चेहरा त्या वेळी पोरांहून वेगळा दिसत नसे.

२०२३ च्या पावसाळ्यात मामांचा उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. तेल झालं, शेक झाला, तालुक्याच्या डॉक्टरांची इंजेक्शनं झाली. मामा डाव्या हाताने टोल देऊ लागले. तो आवाज तिरपा येई. डिसेंबरअखेर ते निवृत्त होणारच होते आणि त्यांच्या जागी नवा माणूस मिळणार नाही, हेही उघड होतं. तेव्हा संस्थेच्या बैठकीत भोंग्याची गोष्ट निघाली. भिंतीवर एक डबा लावायचा, त्यातून ठरल्या वेळी एक सूर वाजणार. मी स्टाफरूममध्ये सहज बोलून गेलो, "भोंगा कशाला? टोलच विजेने वाजवता येणार नाही का?"

बोलायला काय जातं! मुख्याध्यापक म्हणाले, "बघा की सर. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बघा."

मी बघणार म्हणजे काय बघणार? मी त्या मुलीला गाठलं. तिच्या वडिलांचं बाजारपेठेत मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पाणबुडी मोटारी तिथे येतात, जुनी तार सोडवून नवी भरली जाते. ही पोरगी दुसरीत असल्यापासून त्या दुकानात बसलेली. डोळे मिटून बोटांनी तारेचा गेज सांगते. चित्रकलेच्या तासाला मी निसर्गचित्र सांगावं आणि हिने झाडाखाली पंप काढावा, असा आमचा पूर्वीचा परिचय.

तिने चार दिवसांत सोलेनॉइड करून आणला. सोलेनॉइड म्हणजे काय हे आता मी ऐटीत सांगू शकतो. तारेची नळीसारखी गुंडाळी, तिच्या पोटात मोकळा लोखंडी दांडा. तारेतून वीज गेली की गुंडाळी चुंबक होते आणि दांडा आत खेचला जातो; वीज तोडली की स्प्रिंग त्याला परत आणते. दांड्याच्या टोकाला लाकडी गोळा बसवला की झाला हातोडा. अर्धा इंची पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर तिने चोवीस गेजची तार सातशेच्या वर वेढे देऊन भरली होती. तार भरली सत्तावन्न मीटर, तिचा रोध चार ओहम. बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडली की बारा भागिले चार, तीन अँपिअर. एवढं गणित माझं दहावीचं शाबूत होतं.

वेळ सांभाळायला तिच्याकडे अर्डुइनो नावाची निळी पाटी होती. तळहाताएवढी. घड्याळ बघून ठरल्या वेळी ती आपल्या एका पायावर पाच व्होल्ट देते. पण त्या पायातून वीस मिलिअँपिअरच्या वर वीज मागू नये असं म्हणतात. गुंडाळीला हवी त्याच्या दीडशे पट. म्हणजे पाटीचा हुकूम ऐकणारा आणि बॅटरीची वीज सोडणारा असा कुणीतरी मध्ये हवा. तोच ट्रान्झिस्टर. तिचे वडील म्हणाले, "रिले टाका की, गुरुजी." पण गुंडाळीची वीज तोडताना रिलेच्या टोकांवर दर वेळी ठिणगी पडते आणि दिवसाकाठी इतक्या टोलांनी ती टोकं खाल्ली जातील, असं पोरीचं म्हणणं पडलं. वडील गप्प झाले. दुकान पुढे कोण चालवणार हे मला तेव्हाच कळलं.

पहिला ट्रान्झिस्टर तिने विज्ञानाच्या पेटीतून घेतला. बीसी ५४७. काळा, ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा, तीन पायांचा. मुख्याध्यापक, संस्थेचे एक सभासद आणि मी असे तिघे टोलाखाली उभे राहिलो. मामा लांब, नळाजवळ कळशी भरत होते. तिने कळ दाबली. टोल वाजला नाही. एक बारीक 'टक्' झालं, दाण्यातून निळसर धुराची रेघ निघाली आणि एक चिमुकला तुकडा उडाला. सभासद म्हणाले, "भोंग्याचं कोटेशन मागवून ठेवतो." मामांनी कळशी उचलली आणि ते निघून गेले.

मुलगी रडेल असं मला वाटलं. ती वही काढून बसली होती. तो दाणा शंभर मिलिअँपिअरचा. तीन अँपिअर म्हणजे त्याच्या तीस पट. पाटीत सगळं छापलेलं असतं, कुणी वाचत नाही, असं ती स्वतःलाच म्हणाली.

मग मी पुण्याला गेलो. स्वारगेटला उतरून चालत तपकीर गल्लीत. तिथल्या दुकानांत बारके बारके खण आणि त्यांत मुंग्यांसारखे भाग भरलेले असतात. एका दुकानदाराला मी सांगितलं, "मोठा ट्रान्झिस्टर द्या." त्याने विचारलं, "कशासाठी?" म्हटलं, "घंटा वाजवायला." त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि एक जाडजूड धातूचा तुकडा काउंटरवर ठेवला. २ एन ३०५५. मधे टोपी, दोन बाजूंना भोकं, खाली दोन काटे. "पंधरा अँपिअर, साहेब. घंटा काय, घंटेसकट शाळा ओढेल." हा जुना नामांकित गडी. लाउडस्पीकरच्या अँप्लिफायरांत याने पिढ्यान् पिढ्या उत्सव गाजवले. मी खूष होऊन परतलो. तीनच्या जागी पंधरा! कादंबरीकाराला आकडा मोठा दिसला की बरं वाटतं.

तो लावला. सोलेनॉइड हलला, इतका हळू, की सासुरवाशिणीने मारुतीच्या देवळातली घंटा लाजत लाजत वाजवावी. टोलाला गोळा कसाबसा टेकला आणि जुना गडी बघता बघता तापला.

पंधरा अँपिअरचा माणूस तीन अँपिअरला का दमला? तिने मला समजावलं ते पाटाच्या पाण्यावरून. मी मळ्यातला माणूस, तेच मला कळलं. ट्रान्झिस्टर म्हणजे पाटाच्या दारावरचा पाटकरी. पण या जातीच्या पाटकऱ्याला दार उघडं धरायचं तर आधी त्याला स्वतःला पाणी पाजावं लागतं, आणि दार उघडं असेपर्यंत पाजत राहावं लागतं. २ एन ३०५५ चार अँपिअरला वीस ते सत्तर पट पाणी सोडतो. आपल्या पदरी वीसचाच पडला असं धरलं, तर तीन अँपिअरसाठी त्याला दीडशे मिलिअँपिअर पाजायला हवेत. दार सताड उघडायचं तर त्याहून जास्त. आमच्या पाटीकडे वीस. आमचा पन्नास पटीचा निघाला असं समजा, तरी वीस गुणिले पन्नास म्हणजे एकच अँपिअर. गुंडाळीची ओढ प्रवाहाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे तिसरा हिस्सा प्रवाह म्हणजे नववा हिस्सा ओढ. गुंडाळीने चार व्होल्ट घेतले, उरलेले आठ व्होल्ट पाटकऱ्याच्या अंगावर, आणि एक अँपिअर गुणिले आठ व्होल्ट म्हणजे आठ वॅटची शेगडी. अर्धवट उघडं दार धरून उभा राहणारा माणूस सगळ्यांत जास्त तापतो.

"म्हणजे सर, तो किती उचलतो हे नंतर विचारायचं," ती म्हणाली. "उचलायला आपल्याकडून काय मागतो ते आधी."

मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. नंतरच्या कादंबरीत एका जावयाच्या संदर्भात ते उपयोगी पडलं.

तिसरा टिप १२२. हा दिसायला एक, पण आत दोन. लहान पाटकरी मोठ्याला हाक मारतो, त्यामुळे हजार पट. बारा मिलिअँपिअर पाजले की तीन अँपिअर सोडतो. आमच्या वीसात सहज बसला. कळ दाबली आणि टोल वाजला! दणकून वाजला. तिच्या वडिलांनी दुकानातून पेढे आणले. मी मामांना हाक मारली. मामा आले, खालून वर पाहिलं, "बरं झालं," म्हणाले आणि खडू आणायला ऑफिसात गेले. खडू कुणी मागितले नव्हते. त्या संध्याकाळी जेवताना मला घास गोड लागला नाही. खांदा बरा नसलेल्या माणसाची सोय करतो आहोत असं मी धरून चाललो होतो. सोय कुणाची, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

तीन दिवस यंत्र चाललं. चौथ्या दिवशी, दिवाळीच्या सुट्टीतच, सकाळी शाळा उघडली तर गोळा टोलाला चिकटून बसलेला, गुंडाळी हात लावू नये इतकी तापलेली आणि व्हरांड्यात वार्निश जळाल्याचा वास. टिप १२२ मेला होता, पण मरताना दार उघडं टाकून मेला होता. छत्तीस वॅट बॅटरी संपेपर्यंत गुंडाळीत जिरत राहिले. वाइंडिंगवाल्याच्या घरात हा वास म्हणजे सुतकाचा वास. तिने मुकाट्याने गुंडाळी सोडवायला घेतली.

मी तपकीर गल्लीला फोन लावला. दुकानदार म्हणाला, "अहो, डायोड लावला होता का?" मी म्हटलं, डायोड त्याच्या आतच असतो असं तुम्हीच म्हणाला होता. तो म्हणाला, "हो, असतो की." मी फोन तिच्याकडे दिला. तिने ऐकलं, ठेवला, आणि फळ्यावर चित्र काढलं. आतला डायोड ट्रान्झिस्टरच्या दोन टोकांमध्ये असतो. हवा होता गुंडाळीच्या दोन टोकांमध्ये.

इथे मला एका मास्तरांची गोष्ट सांगितलीच पाहिजे. १८३१ च्या सुमारास अमेरिकेत अल्बनी नावाच्या गावी, तिथल्या अकॅडमीत जोसेफ हेन्री नावाचे शिक्षक होते. लहानपणी घड्याळजीच्या हाताखाली उमेदवारी केलेले. त्यांनी वर्गाच्या भिंतींवरून मैलाहून जास्त तार फिरवली, तिच्या एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला विद्युतचुंबक ठेवला, आणि वीज सोडून त्या चुंबकाकडून एक घंटा वाजवून दाखवली. मास्तर, शाळा, गुंडाळी आणि घंटा! आमच्या व्हरांड्यात जे चाललं होतं ते जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेलं होतं. त्याच हेन्रींच्या ध्यानात आलं की गुंडाळीतली वीज तोडली की तोडण्याच्या जागी चांगली ठळक ठिणगी उडते. १८३२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. गुंडाळीतून वाहणारी वीज आडमुठी असते. चालू करायला गेलं तर चटकन वाढत नाही आणि बंद करायला गेलं तर चटकन थांबत नाही. दार बंद केलं तरी ती त्याच वेगाने येऊन धडकते, आणि त्या धडकेत बारा व्होल्टच्या ठिकाणी क्षणभर शेकड्यांनी व्होल्ट उभे राहू शकतात. टिप १२२ शंभर व्होल्टपर्यंतचा. गुंडाळीच्या या गुणाला जे माप आहे त्याला आज हेन्री हेच नाव आहे. आणि गंमत अशी की पहिला ट्रान्झिस्टर बार्डीन आणि ब्रॅटन यांच्या हातून डिसेंबर १९४७ मध्ये सिद्ध झाला, तो बेल यांच्या नावाच्या प्रयोगशाळेत. घंटेचा आणि त्याचा ऋणानुबंध आधीपासूनचाच म्हणायचा.

उपाय स्वस्त. १ एन ४००७ हा डायोड गुंडाळीच्या दोन टोकांना उलटा जोडायचा. एरवी तो झोपलेला. वीज तोडली की अडलेल्या पाण्याला तो परत गुंडाळीतच फिरायला वाट देतो. चांदीच्या रंगाचा पट्टा बॅटरीच्या धन टोकाकडे. उलटा लागला तर डायोड आणि ट्रान्झिस्टर दोघेही जातात, हे मी अनुभवावरून सांगतो आहे. तो अनुभव माझ्या हातचा, तिच्या नव्हे.

चौथी निवड मात्र तिची एकटीची. टिप १२२ परत का नको, असं मी विचारलं. ती म्हणाली, तो काम करतो, पण वाटेत खातो. तीन अँपिअर सोडताना स्वतःकडे दोन व्होल्टपर्यंत ठेवून घेतो. बाराच्या जागी गुंडाळीला दहा, म्हणजे ओढ राहिली जेमतेम सत्तर टक्के. वीज जाते तेव्हा आपण बॅटरीवर. बॅटरी उतरली की आणखी कमी. मग तिने मॉस्फेट जातीचं नाव काढलं. या पाटकऱ्याला पाणी पाजावं लागत नाही. दाराच्या कळीवर नुसता दाब लागतो. उघडतानाचा एक घोट, मग काही नाही.

मी पुन्हा स्वारगेट, पुन्हा तपकीर गल्ली. चिठ्ठी दिली. दुकानदाराने आयआरएफझेड ४४ एन काढून दिला. मी आता शहाणा झालो होतो; चिठ्ठीशी अक्षरं ताडून पाहिली. चिठ्ठीत आयआरएलझेड. 'एफ' च्या जागी 'एल'. "एकच हो, साहेब," तो म्हणाला. मी तिथूनच तिला फोन केला. एक नव्हते. 'एफ'वाल्याला दार सताड उघडायला दहा व्होल्टचा दाब लागतो. पाच व्होल्टला तो कधी उघडेल, कधी अर्धवट राहील. आणि अर्धवट दाराची गोष्ट आम्हाला चांगली ठाऊक होती. 'एल'वाला पाच व्होल्टला उघडतो; तेवढ्या दाबाला त्याचा रोध ओहमचा चाळिसावा भाग. तीन अँपिअर गेले तरी उष्णता पाव वॅटसुद्धा नाही. त्या एका अक्षरासाठी मी आणखी चार दुकानं फिरलो आणि शेवटच्या एसटीने उभा राहून घरी आलो. पाडवा होता. ही ओवाळायला ताट घेऊन बसलेली. ताटात मी खिशातून काढून ठेवला तो मॉस्फेट. त्यावर ती काय बोलली ते अंकाच्या वाचकांना सांगण्यासारखं नाही.

बॅटरी जोडली त्या सकाळी कुणी कळ न दाबता एक टोल पडला. पाटी जागी होईपर्यंत मॉस्फेटची कळ अधांतरी राहते आणि अधांतरी कळ वाऱ्यावरचा दाबही मोजते. कळ आणि जमीन यांच्यात दहा हजार ओहमचा एक रोध टाकल्यावर ते थांबलं. पण त्या आगंतुक टोलाने एक काम केलं. मामा धावत आले.

"कुणी मारला?"

"आपोआप वाजला, मामा."

"मारला कुणी न्हाई, ते कळलंच. ह्यो टोल न्हाई, गुरुजी. आवाज मेलाय ह्येचा."

मी म्हटलं, वाजतो तर आहे मोठ्याने. मामा म्हणाले, "मोठ्यानं वाजतुय, पर गात न्हाई. तुमचं यंत्र मारतंय आन् हात तितंच ठिवतंय. टोलाला मारून हात मागं घ्यावा लागतो. त्येला ऱ्हाऊ द्यावं लागतं."

मुलीने मामांकडे पाहिलं आणि मग डायोडकडे. मी अशी नजर आमच्या शाळेत फार थोड्या वेळा पाहिली आहे. वीज तोडल्यावर डायोड तिला गुंडाळीत फिरत ठेवत होता. ती सेकंदाचे काही शतांश रेंगाळायची, तेवढा वेळ चुंबक जागा, तेवढा वेळ गोळा टोलाला टेकलेला. आणि टेकलेला गोळा टोलाचा नाद दाबून टाकत होता. डायोड काढला तर ट्रान्झिस्टर मरणार, ठेवला तर आवाज मरणार.

तिने दोन गोष्टी केल्या. डायोडच्या मागे पाच वॅटचा, चोवीस व्होल्टचा एक झेनर उलट तोंडाने जोडला. आता त्या अडलेल्या विजेला परतीच्या वाटेवर चोवीस व्होल्टचा चढ चढावा लागतो, त्यामुळे ती लवकर दमते. मॉस्फेटवर बारा आणि चोवीस मिळून छत्तीस व्होल्ट येतात. तो पंचावन्नचा, म्हणजे निभावतं. दुसरी गोष्ट, गोळा टोलाला पोचायच्या आधीच वीज तोडायची. शेवटचा प्रवास त्याने आपल्याच वेगावर करायचा आणि स्प्रिंगने त्याला मागे न्यायचं. किती आधी तोडायची, हे मात्र कोणत्याही कागदात छापलेलं नव्हतं.

ते मामांनी सांगितलं. भाऊबीजेच्या दुपारी मामा स्टुलावर डोळे मिटून बसले. ती आकडा बदलायची आणि एक टोल द्यायची. शंभर मिलिसेकंद. "मेलेला." ऐंशी. "मेलेलाच." सत्तर. मामांनी मान हलवली, पण होय अशी नव्हे. साठ. "आता जरा हालतंय." पन्नासला गोळा टोलापर्यंत पोचलाच नाही. पंचावन्नला टोल झाला आणि मामा काही बोलले नाहीत. आम्ही वाट पाहत राहिलो. नाद लांबत लांबत नदीच्या अंगाला गेला, तिथे विरला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले. "ह्येवडंच ठिवा," म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "सुटल्याचा टोल ह्येला जमायचा न्हाई." ते खरं होतं. धबधबा त्या स्प्रिंगला झेपत नव्हता. तिने स्टुलाजवळ एक कळ काढून ठेवली आणि सुटल्याचा टोल डिसेंबरअखेरपर्यंत मामांनी डाव्या हाताच्या बोटाने, यंत्राला जमेल तसा वाजवला. निरोपाच्या दिवशी त्यांनी बाभळीचा हातोडा मागून घेतला. तो शाळेच्या डेडस्टॉक नोंदवहीत होता. मुख्याध्यापकांनी नोंद खोडली.

पुढच्या जुलैत, २०२४ साली, तीन दिवस गावात वीज नव्हती. पावसाने नदी फुगलेली. चौथ्या दिवशी अकराचा टोल झाला नाही. पोरं वर्गाबाहेर घुटमळत होती, मी घड्याळ बघत होतो, मुलगी डब्याचं झाकण उघडून उभी होती. तेवढ्यात फाटकातून मामा आले. डोक्यावर घोंगडी, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं, डाव्या हातात हातोडा. ते कुणाशी बोलले नाहीत. टोलाखाली उभे राहिले, डोळे मिटले, आणि अकराचा टोल दिला. तिरपाच लागला. मग घोंगडी झटकून ते डब्याजवळ गेले, आत वाकून पाहिलं आणि मुलीला म्हणाले,

"लाल दिवा लागंना झालाय ह्येचा. बाटरी बघ आदी, बाई. बाकी समदं बराबर आसल."